कागद चालू हाय

आमचे अप्पा रिटायर होईपर्यंत भालकी डेपोत बस चालवत होते. उदगीर, लातूर, बिदर, कलबुर्गी, यातल्या कुठल्या रस्त्यावर कुठं खड्डा आहे, ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी एकच चैन केली, एक जुनी पांढरी गाडी घेतली. जन्मभर सरकारी गाडी चालवलेल्या माणसाला एकदा तरी आपल्या मालकीचं स्टेरिंग धरावंसं वाटणारच की. गाडी दारात आली तेव्हा आरतीचं ताट घेऊन मीच पुढं झाले होते.

त्या गाडीचं आम्ही हसून हसून कौतुक केलं. रस्त्यात बसथांबा आला की अप्पांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. थांब्यावरची माणसं गोंधळून बघायची, एखादी म्हातारी तर पिशवी उचलून चालायलाच लागायची. मागं बसलेली अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, "चला हो, ही बस न्हाई आपली." अप्पा नुसते मिशीत हसायचे. समोरून डेपोची बस आली की तिकडचा पोरसवदा ड्रायव्हर हात कपाळाला लावायचा, आणि मग पुढचा सगळा रस्ता अप्पा खुशीत असायचे.

मग डोळ्यांचं सुरू झालं. बिदरच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, पण कडंचं हळूहळू जातं, आणि गेलेलं परत येत नाही, असं त्यांनी मला आणि अप्पांना समोरासमोर बसवून समजावलं. "थेंब सोडत राहा, आणि गाडी आता बंद करा," म्हणाले. अप्पांनी "व्हय, व्हय" केलं, बाहेर आले, खिशातून किल्ली काढली आणि आम्हाला भालकीपर्यंत आणून सोडलं. मी सगळी वाट दाराची मूठ घट्ट धरून बसले होते.

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. माझं शिलाईचं दुकान आहे, ब्लाऊज बिघडल्याची तक्रार घेऊन आलेली बाईसुद्धा आधी माझा चेहरा बघून मग तोंड उघडते. पण अप्पांपुढं माझा ताप काही कामाचा नव्हता. मी म्हणायची, "अप्पा, तुमाला दिसत न्हाई." ते भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभे राहायचे आणि खालची बारीक अक्षरातली तिथी, नक्षत्र, सगळं धडाधड वाचून दाखवायचे. "दिसत न्हाई म्हणायलीस. मग हे काय वाचायलोय मी?" आणि समोरचं त्यांना खरंच दिसत होतं. जे दिसत नव्हतं, ते दिसत नाही हेसुद्धा त्यांना दिसत नव्हतं. कपाळ आपटून घ्यावं असं वाटायचं.

एकदा दारात गाडी लावताना त्यांनी शेजारणीचा पाण्याचा ड्रम पाडला. निळा, कमरेएवढा ड्रम. "मधी कुनी ठिवला ह्यो?" म्हणून तेच शेजारणीवर चिडले. ती बिचारी म्हणाली, "अप्पा, रोज हितंच ऱ्हातोय की." त्या दिवशी घरात जेवणं झाली नाहीत. मी रडले, ओरडले, डॉक्टरांचा कागद त्यांच्यापुढं टाकला. अव्वा भिंतीला टेकून बसली होती, तिनंही पहिल्यांदाच माझी बाजू घेतली. शेवटी अप्पांनी स्वतःच तोड काढली.

"इम्याचा कागद येळवशीच्या नंतर संपायलाय," ते म्हणाले. "तवर चालिवतो. कागद संपला की किल्ली तुझ्या हातात."

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. अप्पांचा शब्द म्हणजे शब्द. आणि कागद नसताना गाडी बाहेर काढणारा माणूस तो नव्हेच. एकदा धुराच्या तपासणीची तारीख उलटली होती म्हणून सख्ख्या पुतण्याच्या साखरपुड्याला बसनं गेले होते. शिवाय या तोडीत त्यांचा मान राहत होता. डोळे गेले म्हणून गाडी सोडली असं कुणी म्हणणार नव्हतं. कागद संपला, वय झालं, आता कशाला नवीन विमा, असं म्हणून ते ताठ मानेनं उतरले असते. तेवढंच मला हवं होतं. ते जिवंत राहावेत, रस्त्यावरचं कुणाचं लेकरू जिवंत राहावं, आणि अप्पांना मान खाली घालावी लागू नये.

येळवशीला, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावस्येला, आम्ही मुडबीच्या शेतात गेलो. पहाटेपासून अव्वानं डाळी-भाज्यांची भज्जी शिजवली, बाजरीचे उंडे केले, ताकातल्या आंबिलीचा माठ मांडीवर धरून मी गाडीत बसले. अप्पांनी गाडी सावकाश नेली. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीपुढं पूजा झाली, पिकात आंबील शिंपडून झालं, जेवायला बसलो. भावकीतल्या एकानं विचारलं, "अप्पा, पुढल्या साली बी तुमच्याच गाडीत येतोय का आमी?" अप्पा उंडा कुस्करत म्हणाले, "न्हाई. औंदा शेवटचं." पुढच्या थांब्याचं नाव सांगावं इतक्या सरळपणे म्हणाले. मला वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

कागद संपायच्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी धुतली. आतली धूळ काढली, आरसा पुसला, बॉनेटवर हळदकुंकू लावलं, चाकांपुढं लिंबू ठेवलं. दसऱ्यालाही एवढं करत नसत. मग किल्ली आणून देवघरात ताटलीत ठेवली आणि मला हाक मारली. अव्वा पदरानं डोळे पुसत होती. मी ताटलीकडं हात केला, आणि अप्पांच्या खिशात फोन वाजला.

त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरून मेसेज वाचला. परत वाचला. मग फोन माझ्याकडं दिला. तुमची पॉलिसी आपोआप पुढील वर्षासाठी चालू झाली आहे, अभिनंदन, नो क्लेम बोनससह, सुरक्षित गाडी चालवा, असं सगळं इंग्रजीत होतं. नवीन पॉलिसीची लिंकसुद्धा होती.

"कागद चालू झालाय," अप्पा म्हणाले, आणि ताटलीतली किल्ली उचलून खिशात टाकली.

मी म्हटलं, "अप्पा, तुमी शब्द दिला हुता."

"कागद संपला की देतो म्हणलो हुतो. संपला का?"

आता यावर वाद घाला. आणि गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण त्या नो क्लेम बोनसनं घात केला. डेपोत असताना अपघात न केलेल्या ड्रायव्हरला बिल्ला मिळायचा. अप्पांना तो मिळाला होता, अजून कपाटात आहे. त्यांना वाटलं, हाही तसाच. कंपनीनं आपली नोंद बघितली, कधी कुठं धडक नाही, नुकसानीचा दावा नाही, म्हणून आपणहून पुढच्या वर्षाचा कागद पाठवला. गल्लीत ज्याला त्याला मेसेज दाखवत फिरले. "आपण अर्ज बी केला न्हाई. तेनीच धाडलं. उगं कुनाला देत न्हाईत."

"अप्पा, ते मशीन हाय," मी म्हणाले. "सगळ्यांलाच धाडतंय."

"मशीनला कसं कळलं, माझा क्लेम न्हाई म्हणून?"

देवा, मला हसू येत होतं आणि रडूही. चिडून मी स्टँडसमोर गेले. तिथं झेरॉक्सच्या दुकानात विम्याचा एजंट बसतो. सगळ्या गावाची कागदपत्रं त्याच्याकडंच असतात. आमच्याकडची रीतच अशी आहे, की एजंटापुढं बसायचं, फोन त्याच्यापुढं धरायचा, आणि त्यानं ओटीपीचा आकडा विचारला की मोठ्यानं वाचून दाखवायचा. अप्पांनीही तसंच केलं होतं. त्यानं कुठंतरी बोट लावून दरवर्षी खात्यातून आपोआप विमा भरायची सोय करून टाकली होती.

"अक्का, चांगलंच केलं की," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला दरसाल खेटे कामून?"

"आता बंद कर ते."

"पुढल्या सालचं बंद व्हतंय. ह्या सालचं झालं. रद्द करायचं तर गाडी इकल्याचा कागद आणा, न्हाईतर दुसऱ्या कंपनीचा इमा दाखवा. गाडी अप्पांच्या नावावर हाय तवर इमा लागतोयच, कायदाच हाय तसा."

म्हणजे विमा बंद करायचा तर आधी दुसरा विमा काढा! मी त्याला जे बोलायचं ते बोलले. बाजूला झेरॉक्स काढायला आलेली माणसं कागद विसरून माझ्याकडं बघायला लागली. तो मात्र शांत होता. "अक्का, च्या सांगू का?" म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

गाडी विकायची तर अप्पांची सही पाहिजे. विचारून बघितलं. "चालू कागदाची गाडी कुनी इकतंय व्हय?" म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले. मी बँकेत गेले, तिथंही हेच. पैसे जायची सोय पुढच्या वर्षापासून बंद करून देतो म्हणाले. मला पुढच्या वर्षाचं काय करायचंय? मला उद्याची भीती होती.

मग राहिला कंपनीचा फोन. अप्पा आंघोळीला गेले की त्यांचा फोन घेऊन मी परसात जायची. कन्नडसाठी हे दाबा, हिंदीसाठी ते दाबा, मग गाणं, मग परत गाणं. शेवटी एक पोरगी बोलायची, आवाज गोड, इतका गोड की भांडताच येऊ नये. "मॅडम, ज्यांच्या नावावर पॉलिसी आहे त्यांना फोन द्या." एकदा मी घसा खरवडून, आवाज जाड करून "मीच बोलतोय" असंही केलं. पलीकडून आलं, "मॅडम, प्लीज." मी कडुनिंबाखाली एकटीच लाजले.

दुसऱ्या एका दिवशी मी तिला सगळं सांगून टाकलं. पैसे परत नको आहेत, म्हटलं. ठेवून घ्या. विमा खरा बंद करूही नका. फक्त एक मेसेज पाठवा, की तुमची पॉलिसी बंद झाली आहे. एवढाच एक मेसेज. तुमचाच मेसेज ते मानतात, माझं मानत नाहीत.  ती म्हणाली, "मी तुमची अडचण समजू शकते मॅडम. पण सिस्टीममध्ये असा पर्याय नाही." बाथरूममधून पाण्याचा आवाज थांबला, म्हणून मी फोन ठेवला.

किल्ली लपवून बघितली. अप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते सकाळी उठून कपडे घालून दाराच्या पायरीवर बसले आणि गाडीकडं बघत राहिले. दुपारी जेवले नाहीत, चहा तसाच गार झाला. अव्वा स्वयंपाकघरातून मला म्हणाली, "आगं, दे बाई ती किल्ली. मला हे असं बसलेलं बघवत न्हाई." मी तांदळाच्या डब्यातून किल्ली काढून दिली. माझाच राग आला मला, त्यांचा आला, त्या पायरीचासुद्धा आला.

तेव्हापासून मी त्यांना एकटं सोडायचं बंद केलं. गाडी निघाली की मी दुकान तसंच टाकून पुढच्या सीटवर. "डावीकडून सायकल हाय." "पोरं हायेत, सावकाश." "म्हैस, म्हैस, म्हैस!" अप्पा वैतागून म्हणायचे, "ड्रायव्हर तू हाईस का मी?" पण गाडी हळू करायचे. शिवायला टाकलेले कपडे तसेच पडून राहायचे आणि बाया येऊन परत जायच्या. मी आजारी पडले तर काय, हा विचार मी करतच नव्हते.

उन्हाळ्याच्या तोंडाला उदगीरला लग्न होतं. अव्वा मागं, मी पुढं, डोक्यावर ऊन. रस्ता मोकळा होता. अव्वानं मागून पाण्याची बाटली मागितली, ती पायाखालून काढायला मी वाकले. बस्स, तेवढंच. डाव्या बाजूला काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. मी किंचाळले. अप्पांनी ब्रेक दाबला.

एक बाई चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन कडेनं चालली होती. गाडीचा आरसा तिच्या कोपराला चाटून गेला. भारा रस्त्यावर पसरला आणि ती मातीत बसली. मी धावले. तिला फार लागलं नव्हतं, कोपर थोडं खरचटलं होतं. ती तिथूनच ओरडत होती, "डोळे फुटले काय रे तुझे? माणूस दिसत न्हाई व्हय?"

अप्पा उतरून आले. तिच्यापुढं उभे राहिले. मग खाली बसले आणि चारा गोळा करायला लागले. सगळा गोळा केला, दोरी आवळून बांधली. म्हातारा माणूस, अंगातले लग्नाला जायचे पांढरे कपडे मातीनं भरलेले, हे बघून तिचा आवाज खाली आला. "जाऊ द्या मामा," ती म्हणाली, "वाचले न्हवं." अप्पांनी भारा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि ती लांब जाईपर्यंत तिथंच उभे राहिले.

परत येऊन स्टेरिंगपुढं बसले. गाडी चालू केली नाही. मागं अव्वा देवाचं नाव घेत होती.

"आली कुठनं ती?" त्यांनी विचारलं.

"कुठनं आली न्हाई अप्पा. रस्त्याच्या कडंनंच चालली हुती."

अप्पांनी मान वळवून डावीकडचा वाकलेला आरसा बघितला. मग फोन काढून माझ्या मांडीवर ठेवला. "त्या कंपनीला लाव," म्हणाले.

मी लावला, स्पीकरवर टाकला. गाणं वाजलं. मग एक पोरगी आली, पहिलीच की दुसरी कुणी, आवाज तसाच गोड. तिनं नाव, जन्मतारीख विचारली, अप्पांनी पाठ ताठ करून सांगितली. तिनं हिंदीत विचारलं, काय मदत करू? आणि अप्पा बोलले ते बसस्टँडवर आयुष्यभर बोलत आलेल्या आमच्या इकडच्या हिंदीत. घरच्या भाषेत ते त्यांच्याच्यानं आजपर्यंत म्हणवलं नव्हतं.

"अम्मा, मेरेकू बाजू का दिखता नै. अब्बी एक औरत कू गिराया मैं. मेरा कागज बंद कर दे."

मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मला ते ऐकवत नव्हतं.

ती पोरगी म्हणाली, सर, गाडीचा विमा कायद्यानं बंधनकारक आहे, मध्येच रद्द होत नाही. आपली पॉलिसी पूर्ण वर्षभर चालू राहील. आपण निश्चिंत राहा.

"मैं गाडी चलानेके लायक नै रहा, बोल रहा हूँ मैं."

"जी सर. समझ सकती हूँ सर. आपकी और कोई सहायता कर सकती हूँ?"

अप्पांनी विचार केला. खरंच केला. समोर रिकामा रस्ता होता, उदगीर पुढं, भालकी मागं, आणि आमच्या तिघांत गाडी चालवणारा दुसरा कुणी नव्हता.

"अब घर कैसे जाऊँ," ते म्हणाले, "उतना बोल दे."

मला वाटलं, आता परत जी सर, जी सर येणार. पण त्या पोरीनं हळू आवाजात, कागदावरचं वाचल्यासारखं नव्हे, विचारलं, "सर, आपके साथ कोई है?"

अप्पांनी स्टेरिंगवरचा डावा हात काढला. मी त्यांच्या शेजारीच होते. तो हात आधी गिअरला लागला, मग सीटला, मग चाचपडत माझ्या खांद्याला.

"है," अप्पा म्हणाले. "बेटी है."